फ्रेंच विरुद्ध इंग्रज, आणि मधे मराठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत हा विषय दीड पानात उरकतात. कर्नाटकची तीन युद्धं (हे कर्नाटक म्हणजे आजचं राज्य नव्हे, तामिळनाडूकडचा अर्काटच्या नवाबाचा मुलूख), वांदिवाशची लढाई, डुप्ले हरला, क्लाइव्ह जिंकला, रिकाम्या जागा भरा. त्यामुळे डोक्यात असं बसतं की दोन गोऱ्या कंपन्या लढल्या आणि आपले लोक बाजूला उभं राहून बघत होते. तसं अजिबात नव्हतं, आणि मराठे तर जवळजवळ प्रत्येक वळणावर आहेत. नेहमी विचारले जाणारे प्रश्न म्हणून एका जागी घेतलेत. काही उत्तरं लांबलीयत, त्याला इलाज नाही.

हे भांडण नेमकं कधीपासून कधीपर्यंत?

भारतापुरतं बोलायचं तर खरी मारामारी 1746 ला सुरू झाली आणि 1761 ला फ्रेंचांचं कंबरडं मोडलं. पण त्यानंतरही पन्नास वर्षं इंग्रजांच्या मनातली फ्रेंचांची भीती गेली नाही आणि त्या भीतीपोटी त्यांनी जे जे केलं त्याचा फटका पुण्याला, हैदराबादला, श्रीरंगपट्टणला बसला. शेवटचा पडदा 1810 ला मॉरिशस पडलं तेव्हा पडला असं म्हणा.

आधी कोण आलं?

इंग्रज. त्यांची कंपनी 1600 सालची, लंडनच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने काढलेली. फ्रेंचांची 1664 ची, ती राजा चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेअर याने काढली, म्हणजे जवळपास सरकारी खातंच. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं ह्याच्यावरच येतं. फ्रेंचांनी पहिली वखार सुरतेला टाकली, मग मच्छलीपट्टण, आणि 1674 च्या सुमारास फ्रान्स्वा मार्तां नावाच्या माणसाने पाँडिचेरीत बस्तान बसवलं. ती जागा त्याला विजापूरकरांचा तिथला सुभेदार शेरखान लोदी याच्याकडून मिळाली होती.

मग शिवाजी महाराजांचा आणि फ्रेंचांचा संबंध आला का?

आला ना. 1677 च्या दक्षिण दिग्विजयात महाराजांनी जिंजी घेतली आणि ह्याच शेरखान लोदीचा पार धुव्वा उडवला. म्हणजे मार्तांचा घरमालकच उडाला. मार्तां हुशार, त्याने लगेच महाराजांकडे वकील पाठवला, नजराणे दिले आणि पाँडिचेरीत राहायची परवानगी मिळवली. त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात मराठ्यांच्या कारभाराबद्दल बरंच काही आहे, सगळंच कौतुकाचं नाही. थोडक्यात काय, पाँडिचेरी टिकली ती मराठ्यांनी राहू दिलं म्हणून.

इंग्रजांचंही तसंच. कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला त्यांनी 1690 मध्ये विकत घेतला तो मराठ्यांकडून. राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते, मोगलांचा वेढा पडलेला, पैशाची निकड. सौद्यातली अट भन्नाट होती: किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा जिथवर जाईल तिथपर्यंतची गावं इंग्रजांची. त्या गावांना नंतर गोळ्याची गावं असंच नाव पडलं. इंग्रजांनी साहजिकच लांब पल्ल्याची चांगली तोफ शोधून आणली. ह्याच किल्ल्याचं नाव पुढे फोर्ट सेंट डेव्हिड, आणि 1746 ला मद्रास गेलं तेव्हा इंग्रजांना टेकायला हीच जागा उरली होती.

युरोपातल्या भांडणाचा इथे काय संबंध?

ऑस्ट्रियाच्या गादीवर कोण बसायचं यावरून 1740 ला तिकडे युद्ध पेटलं, 1744 ला इंग्लंड आणि फ्रान्स उघड उघड एकमेकांवर तुटून पडले. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले, त्याला खरं तर इथे शांतता हवी होती कारण माल भरलेली जहाजं धोक्यात होती. पण इंग्रजी आरमाराने फ्रेंच जहाजं पकडायला सुरुवात केली. मग मॉरिशसचा गव्हर्नर ला बुर्दोने जहाजं घेऊन आला आणि सप्टेंबर 1746 मध्ये त्याने मद्रास घेतलं, फारशी लढाई न होताच.

आणि मग फ्रेंचच आपसात भांडले! ला बुर्दोने म्हणतो 11 लाख पॅगोडा (तिकडचं सोन्याचं नाणं) खंडणी घेऊन मद्रास परत देऊ, डुप्ले म्हणतो अजिबात नाही. त्या घोळात ऑक्टोबरचं वादळ आलं, ला बुर्दोनेची बरीच जहाजं बुडाली, तो निघून गेला आणि फ्रान्सला पोचल्यावर त्याला बास्तीयच्या तुरुंगात टाकलं. ज्याने मद्रास जिंकून दिलं त्याची ही गत. फ्रेंचांची ही सवय पुढेही दिसेल.

1748 ला तह झाला आणि मद्रास इंग्रजांना परत, त्याच्या बदल्यात फ्रान्सला उत्तर अमेरिकेतला लुईबूर्गचा किल्ला परत. मद्रासच्या लोकांना कोण विचारतंय.

अड्यारच्या लढाईचं एवढं कौतुक का करतात?

कारण तिथे पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की कवायती फौज म्हणजे काय. अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन म्हणाला मद्रास मला द्यायचं ठरलं होतं, फ्रेंचांनी दिलं नाही, म्हणून त्याचा मुलगा महफूजखान दहाएक हजारांची फौज घेऊन आला. समोर पारादी नावाचा अधिकारी, त्याच्याकडे फ्रेंच आणि देशी शिपाई मिळून हजारभर. नदी ओलांडली, बंदुकांची एक फैर, संगिनी लावून चाल, आणि नवाबाची फौज पळाली. ऑक्टोबर 1746.

यावरून गोरे शूर आणि आपले भित्रे असा अर्थ काढणारे असतात, तर त्या हजारातले दोन तृतीयांश शिपाई इथलेच होते. फरक ड्रिलचा होता, भराभर गोळी भरण्याचा होता आणि महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या पगाराचा होता.

डुप्लेची आयडिया नेमकी काय होती?

व्यापारात फायदा फार नव्हता, फ्रान्समधून पैसा वेळेवर येत नव्हता. मग डुप्लेने डोकं लढवलं: इथल्या गादीच्या भांडणात एका दावेदाराला आपली पलटण भाड्याने द्यायची, तो जिंकला की त्याच्याकडून मुलूख लिहून घ्यायचा, त्या मुलखाच्या महसुलातून पलटणीचा खर्च काढायचा. म्हणजे साम्राज्य स्वतःच्या खर्चाने नाही, दुसऱ्याच्या खर्चाने. इंग्रजांनी नंतर ह्याच आयडियाला तैनाती फौज असं नाव दिलं आणि अख्खा देश घेतला.

त्याची बायको जान, तिला तमिळ येत होतं आणि राजकारणातला पत्रव्यवहार ती सांभाळायची, लोक तिला जान बेगम म्हणत. आणि त्याचा दुभाषी आनंद रंगा पिळ्ळै, याने 1736 पासून 1761 पर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहिली, बाजारभावापासून गव्हर्नरच्या रुसव्याफुगव्यापर्यंत सगळं. ह्या काळाबद्दल काही वाचायचं असेल तर इंग्रज सेनापतींच्या बढाया सोडा आणि ती रोजनिशी वाचा.

चंदासाहेब साताऱ्याला कैदेत होता हे खरं?

खरं, आणि हा भाग आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे. 1740 मध्ये रघुजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले कर्नाटकात उतरले, दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा तेव्हाचा नवाब दोस्त अली याला मारलं. नवाबाचा जावई चंदासाहेब त्रिचनापल्लीत होता, त्याने बायकामुलं आणि दागदागिने पाँडिचेरीत पाठवले. रघुजींनी तिथला गव्हर्नर द्युमा याच्याकडे मागणी केली की खंडणी द्या आणि ती माणसं आमच्या हवाली करा. द्युमाने नाही म्हटलं, आणि सोबत फ्रेंच दारूच्या बाटल्या भेट पाठवल्या. गोष्ट अशी सांगतात की त्या दारूची गोडी लागली आणि रघुजींचा राग उतरला. दारूमुळे का तोफा बघून ते ज्याने त्याने ठरवावं, पण रघुजी पाँडिचेरीवर गेले नाहीत एवढं नक्की आणि द्युमाला दिल्लीहून नवाब ही पदवी मिळाली, ती पुढे डुप्लेने मिरवली.

मार्च 1741 ला त्रिचनापल्ली पडलं. चंदासाहेबाला पकडून साताऱ्याला आणलं, तिथे तो सात वर्षं अडकून पडला. 1748 ला पैशाचा व्यवहार ठरून सुटला आणि तडक डुप्लेच्या योजनेतला मुख्य मोहरा झाला. ऑगस्ट 1749 ला अंबूरला त्याने, निजामाच्या गादीचा दावेदार मुजफ्फरजंगाने आणि फ्रेंचांनी मिळून अन्वरुद्दीनला ठार मारलं. अन्वरुद्दीनचा मुलगा महंमद अली त्रिचनापल्लीला पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेला. हेच ते दुसरं कर्नाटक युद्ध, आणि गंमत म्हणजे तेव्हा युरोपात इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शांतता होती! इथे ते आपापल्या नवाबाचे नोकर म्हणून लढत होते, कागदावर.

चंदासाहेबाचा शेवटही मराठ्यांच्याच हातून. 1752 ला श्रीरंगमच्या बेटावर फ्रेंच फौज कोंडली गेली आणि शरण आली, चंदासाहेबाने तंजावरच्या मराठ्यांचा सेनापती मानकोजी याच्यावर विश्वास ठेवून स्वतःला त्याच्या ताब्यात दिलं. मानकोजीने त्याचं मुंडकं उडवलं.

मुरारराव घोरपडे कोणाच्या बाजूने होते?

जो पैसे देईल त्याच्या. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. गुत्तीचे मुरारराव, संताजी घोरपड्यांच्या घराण्यातले, 1741 ते 43 त्रिचनापल्ली त्यांच्याच ताब्यात होती. 1751 मध्ये क्लाइव्ह अर्काटच्या मोडक्या किल्ल्यात पन्नासेक दिवस वेढ्यात अडकला होता तेव्हा मुरारराव जवळच हजारो स्वार घेऊन नुसते बघत उभे होते. इंग्रज टिकतात असं दिसल्यावर मदतीला आले, म्हणाले, इंग्रजांना लढता येतं हे आजच कळलं. दोन वर्षांनी म्हैसूरकरांबरोबर फिरून फ्रेंचांच्या बाजूला. त्यांच्या हिशेबाने दोन्ही टोपीकर भाडोत्रीच होते आणि कुठला एक कायमचा जिंकू नये ह्यातच शहाणपण. दुर्दैव असं की शेवटी 1776 ला हैदर अलीने गुत्ती घेतली आणि मुरारराव कब्बलदुर्गच्या कैदेत गेले.

बुसी हा माणूस कोण? पेशव्यांशी त्याची लढाई झाली होती ना?

डुप्लेचा सगळ्यात हुशार माणूस. 1751 ला त्याने सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवलं आणि 1758 पर्यंत हैदराबादचा खरा सूत्रधार तोच होता. आंध्रच्या किनाऱ्याचे उत्तर सरकार जिल्हे त्याने फौजेच्या पगारासाठी लिहून घेतले, म्हणजे डुप्लेची आयडिया तंतोतंत.

नोव्हेंबर 1751 मध्ये तो सलाबतजंगाला घेऊन थेट पुण्याच्या रोखाने निघाला. घोड-कुकडी नद्यांच्या भागात चंद्रग्रहणाच्या रात्री मराठी छावणीवर अचानक हल्ला केला, लोक ग्रहणाच्या स्नानसंध्येत गुंतलेले, नानासाहेब पेशवे कसेबसे निसटले. तळेगाव ढमढेरे लुटलं गेलं. पण पुढच्या दिवसांत मराठ्यांनी त्याची रसद अशी काही तोडली की पुणं घेण्याची भाषा बंद झाली आणि तह करून परत जावं लागलं. त्या मोहिमेतून पेशव्यांनी धडा घेतला की आपल्यालाही कवायती पायदळ आणि चांगल्या तोफा पाहिजेत. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांकडे आला, 1760 ला उदगीर त्याच्या तोफांनी जिंकून दिलं आणि 1761 ला पानिपतावर तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. म्हणजे पानिपतावरचं आपलं सगळ्यात शिस्तीचं दल एका अर्थाने फ्रेंच शाळेतलं.

डुप्लेला परत का बोलावलं?

कारण पॅरिसमधल्या डायरेक्टरांना व्यापाराचा नफा पाहिजे होता, नवाब बदलण्यात त्यांना काडीचा रस नव्हता, आणि त्रिचनापल्लीचा वेढा पैसे खात सुटला होता. 1754 ला गोदेहू नावाचा माणूस आला, डुप्लेला जहाजावर बसवलं, इंग्रजांशी समेट केला. डुप्लेने स्वतःचा पैसा युद्धात घातला होता, कंपनीने तो परत दिला नाही, 1763 ला तो कर्जबाजारी अवस्थेत मेला.

प्लासीला फ्रेंच होते का?

मूठभर. मार्च 1757 ला क्लाइव्हने आधी चंद्रनगर घेऊन फ्रेंचांचा बंगालमधला अड्डा संपवला, मग जूनमध्ये प्लासी. सिराजउद्दौल्याच्या बाजूने तिथे चाळीस-पन्नास फ्रेंच तोफची होते आणि ते बऱ्यापैकी चिकाटीने लढले. पण मीर जाफर फितूर असताना पन्नास माणसं काय करणार.

लालीने नक्की काय घाण केली?

कोंत द लाली, बाप आयरिश, इंग्रजांचा द्वेष रक्तातच. 1758 ला फौज घेऊन आला आणि जूनमध्ये फोर्ट सेंट डेव्हिड घेऊन दणक्यात सुरुवात केली. पण माणूस तापट, इथलं काही समजून घ्यायची तयारी नाही, पाँडिचेरीतले सगळे चोर आहेत असं त्याचं मत (हे तितकंसं चूकही नव्हतं). बैल मिळेनात म्हणून जातपात न बघता लोकांना गाड्या ओढायला जुंपलं, अख्खी पाँडिचेरी विरोधात. पैसे नाहीत म्हणून जुनं येणं वसूल करायला तंजावरवर गेला, तिथे प्रतापसिंह भोसले राजे. वाटेत काही ब्राह्मणांना हेर समजून तोफेच्या तोंडी दिलं. तंजावर काही मिळालं नाही, दारूगोळा संपत आला, मानकोजीच्या स्वारांनी पाठलाग केला, आणि हात हलवत परत.

वर त्याने बुसीला हैदराबादहून बोलावून घेतलं. बुसी निघाला आणि सात वर्षांची कमाई गेली: क्लाइव्हने बंगालमधून पाठवलेल्या कर्नल फोर्डने एप्रिल 1759 पर्यंत मच्छलीपट्टण घेतलं आणि निजाम इंग्रजांकडे सरकला. मद्रासचा वेढा डिसेंबर 1758 ते फेब्रुवारी 1759, तोही इंग्रजी जहाजं दिसल्याबरोबर उठवावा लागला.

22 जानेवारी 1760 ला वांदिवाश. समोर इंग्रजांचा सेनापती आयर कूट. दोन्हीकडे युरोपियन साधारण सारखेच, पण लालीने भाड्याने आणलेलं मराठी घोडदळ लांब उभं राहिलं, फ्रेंच तळावर दारूगोळ्याचा स्फोट झाला, बुसी पकडला गेला. मग पाँडिचेरीला वेढा, आणि 16 जानेवारी 1761 ला इंग्रज आत शिरले. तारीख बघा. पानिपत 14 जानेवारी 1761. दोन दिवसांच्या अंतराने मराठे उत्तरेत आणि फ्रेंच दक्षिणेत, इंग्रजांना अडवू शकणाऱ्या दोन ताकदी एकदम आडव्या झाल्या. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही, पण त्या आठवड्याचा फायदा कुणाला झाला हे सांगायला नको.

इंग्रजांनी पाँडिचेरी पाडून सपाट केली. लालीला पॅरिसमध्ये खटला चालवून 1766 ला शिरच्छेदाची शिक्षा दिली. व्होल्तेअरने त्याच्या बाजूने लेखणी चालवली आणि 1778 ला निकाल रद्द झाला, पण मुंडकं तर गेलंच होतं.

मग फ्रेंच हरले ते लालीमुळे का?

नाही, आणि इथेच बहुतेक पुस्तकं घसरतात, कारण माणसांच्या स्वभावाची गोष्ट सांगायला सोपी असते. माझं मत विचाराल तर ही लढाई समुद्रावर आणि वहीखात्यात हरली गेली.

समुद्राचं बघा. चोलमंडलच्या किनाऱ्याला तेव्हा धड बंदर नाही. मद्रास काय आणि पाँडिचेरी काय, जहाजं उघड्या समुद्रात उभी करायची आणि लाटांतून होड्यांनी माल उतरवायचा. ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की तिथे थांबणं म्हणजे आत्महत्या. त्यामुळे दोन्ही आरमारांना दरवर्षी कुठेतरी पळावं लागायचं. इंग्रज मुंबईला जायचे. मुंबईचं बंदर बंदिस्त, 1750 च्या सुमाराची सुकी गोदी, वाडिया घराण्याचे पारशी सुतार, मलबारचं सागवान. जहाज दुरुस्त होऊन वसंतात परत हजर. फ्रेंचांना जावं लागायचं मॉरिशसला, हजारो किलोमीटर लांब, तिथे धान्यसुद्धा पुरेसं पिकत नाही. 1758 आणि 59 मध्ये फ्रेंच आरमारप्रमुख दाशे आणि इंग्रज पोकॉक यांच्या तीन लढाया झाल्या, एकही निर्णायक नाही. पण तिसरीनंतर दाशे मॉरिशसला गेला तो परत आलाच नाही. लालीला मग ना माणूस मिळाला, ना पैसा, ना तांदूळ. म्हणून मी म्हणतो की वांदिवाश जिंकायला मुंबईच्या गोदीचा हात होता.

आता वहीखातं. इंग्रज कंपनी भागधारकांची, नफा झाला तर डिव्हिडंड, त्यामुळे त्यांचं लक्ष. फ्रेंच कंपनीचं डिव्हिडंड तंबाखूच्या सरकारी मक्त्यातून ठरल्याप्रमाणे मिळायचं, मग इकडे काय चाललंय याची कोण फिकीर करतो. त्यात 1757 नंतर इंग्रजांच्या हाती बंगालचा पैसा लागला, मद्रासच्या फौजेचा पगार कलकत्त्याहून भागायला लागला. लालीच्या सैनिकांनी मात्र पगार नाही म्हणून 1759 मध्ये बंड केलं. अशा परिस्थितीत डुप्ले, बुसी आणि नेपोलियन तिघं एकत्र आणले असते तरी फार तर चार वर्षं लांबलं असतं.

नाना फडणवीसांनी फ्रेंचांशी हातमिळवणी केली होती का?

इंग्रजांना तसं वाटावं एवढी नक्की केली. 1777 ला शेव्हालिए द सँ लुबँ नावाचा माणूस चौलला उतरला, आपण फ्रान्सच्या राजाचे वकील म्हणून. आधी हैदरकडे काम केलेला, बऱ्यापैकी बडबड्या आणि भानगडबाज इसम. नानांनी त्याचं पुण्यात वाजतगाजत स्वागत केलं, इंग्रज वकील मॉस्टिनच्या नाकावर टिच्चून. चौलचं बंदर द्यायचं, त्याबदल्यात फ्रेंच फौज आणि शस्त्रं यायची, अशी बोलणी. मॉस्टिन घाबरून मुंबईला पत्रांवर पत्रं पाठवतोय. मला वाटतं नानांना हेच हवं होतं. राघोबादादांना घेऊन बसलेल्या इंग्रजांना थोडा घाम फुटला पाहिजे.

पण डाव थोडा उलटला. फ्रान्स युद्धात उतरणार ह्या धास्तीने वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधून जमिनीवरून फौज पाठवली, मुंबईकर इंग्रजांनी पुण्यावर चाल केली, आणि जानेवारी 1779 ला वडगावला त्यांची नाचक्की झाली. फ्रान्समधून एक पलटणही आली नाही, सँ लुबँ त्याआधीच निघून गेला होता.

हैदर आणि टिपूला तरी फ्रेंचांनी खरी मदत केली का?

एकदाच धड. 1782-83 मध्ये सुफ्रँ नावाच्या आरमारप्रमुखाने इंग्रज ह्यूजशी पाच लढाया दिल्या, त्रिंकोमाली घेतलं, म्हातारा बुसी फौज घेऊन कडलूरला उतरला. तेवढ्यात युरोपात तह झाल्याची बातमी आली आणि सगळं थांबलं, टिपू तोंडघशी. 1788 ला टिपूचे वकील थेट सोळाव्या लुईच्या दरबारात जाऊन आले, गोड बोलणं मिळालं. 1798 ला मॉरिशसच्या गव्हर्नरने टिपूसाठी स्वयंसेवक हवेत असा जाहीरनामाच लावला. आले शंभराच्या आत, पण तो कागद कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हातात पडला आणि त्याच वर्षी नेपोलियन इजिप्तला उतरलेला. वेलस्लीला निमित्तच पाहिजे होतं. मे 1799 ला श्रीरंगपट्टण संपलं.

महादजी शिंद्यांचं फ्रेंच सैन्य खरंच फ्रेंच होतं का?

सैन्य आपलंच, मुख्यतः हिंदुस्थानी पुरबिये. अधिकारी युरोपियन. त्यांचा प्रमुख द बॉयन स्वतः सावोयचा, आणि सावोय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं. 1784 ला महादजींनी त्याला ठेवलं, दोन पलटणींपासून सुरुवात, पाटण आणि मेडत्याला 1790 मध्ये त्या पलटणींनी राजपूत घोडदळाची वाट लावली. द बॉयनचं गुपित साधं होतं, पगार वेळेवर. त्यासाठी त्याला दुआबात वेगळी जहागीर होती. जाताना त्याने दौलतराव शिंद्यांना बजावलं म्हणतात की इंग्रजांशी लढू नका, त्यापेक्षा पलटणी मोडून टाका.

त्याच्यानंतरचा पेराँ मात्र फ्रेंच, आणि फ्रेंच जहाजावरून पळून आलेला खलाशी. 1803 ला इंग्रज-मराठे युद्ध सुरू होताच त्याने आपली माया वाचवायची वाट धरली आणि जनरल लेकच्या छावणीत दाखल झाला. अलीगढ 4 सप्टेंबरला पडलं, दिल्ली आठवड्याभरात. शिंद्यांकडचे ब्रिटिश वंशाचे अधिकारी आधीच पळवले गेले होते. जालन्याकडे असईला 23 सप्टेंबरला पायदळाचा म्होरक्या होता पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. तरी त्या दिवशी शिंद्यांच्या तोफखान्याने धाकट्या वेलस्लीच्या (गव्हर्नर जनरलच्या भावाच्या) फौजेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणूस मारला किंवा जायबंदी केला. तोफची जागेवर मेले, हलले नाहीत. अधिकारी पळाले, गोलंदाज राहिले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आणि फ्रेंचांचा बागुलबुवा तहांतही आहे. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहात बाजीरावाकडून लिहून घेतलं की इंग्रजांशी शत्रुत्व असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही.

फ्रेंच जिंकले असते तर आपलं बरं झालं असतं का?

हा प्रश्न पाँडिचेरीची पिवळी घरं आणि बेकरी बघून आलेले लोक जास्त विचारतात. फ्रेंच राज्य कसं होतं ते बघायचं तर अल्जीरिया बघा, हैती बघा, व्हिएतनाम बघा. पाँडिचेरी एवढी छोटी होती की तिथे जुलूम करायला जागाच कमी होती. गव्हर्नर बदलला असता, महसूल तोच.

मॉरिशसला मराठी लोक आहेत ते याच्यामुळे का?

आडवळणाने, हो. मॉरिशस फ्रेंचांचं, तिथून रोबेर सुरकूफसारखे परवानाधारक चाचे कंपनीची जहाजं पकडायचे. ऑगस्ट 1810 ला ग्रँड पोर्टला फ्रेंचांनी इंग्रज आरमाराला हरवलं, पॅरिसच्या विजय कमानीवर त्याचं नाव कोरलंय. पण डिसेंबरमध्ये इंग्रजांनी मोठी फौज उतरवून बेट घेतलं आणि 1814 च्या तहात ठेवून घेतलं, शेजारचं रेयुनियाँ मात्र परत दिलं. गुलामगिरी बंद झाल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते, ते ब्रिटिश हिंदुस्थानातून करारावर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठीही होते. म्हणून आज तिथला मराठी माणूस घरात गणपती बसवतो आणि शेजाऱ्याशी फ्रेंचवरून बनलेल्या क्रिओलमध्ये बोलतो.

शेवटी फ्रेंच भारतातून गेले कधी?

इंग्रजांच्या नंतर! चंद्रनगरने 1949 ला मतदान करून भारतात यायचं ठरवलं. पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम यांचा कारभार 1 नोव्हेंबर 1954 ला भारताकडे आला, आणि फ्रेंच संसदेने तह मंजूर करून कागदोपत्री हस्तांतर पूर्ण व्हायला 16 ऑगस्ट 1962 उजाडला. तिथे फ्रेंच नागरिकत्व घेतलेली कुटुंबं अजून आहेत आणि फ्रान्सच्या निवडणुकीला ती पुदुच्चेरीत बसून मतदान करतात.